सर्व्हर एक, परवाने किती?

*जुन्या संगणकांना पर्याय म्हणून व्हर्च्युअल डेस्कटॉपचा विचार करणाऱ्या तालुक्यातील संस्थांनी यंत्राआधी परवान्यांचा हिशेब का मांडावा?*

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१८ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक चालू स्थितीत असूनही बाद ठरतात. शाळा, महाविद्यालये, टंकलेखन संस्था, सहकारी पतसंस्था यांच्यापुढे मग एकच प्रश्न उभा राहतो. सगळे संगणक नवे घ्यायचे, की एक दमदार सर्व्हर घेऊन जुन्या संगणकांना त्याच्या ‘खिडक्या’ बनवायचे? दुसरा पर्याय स्वस्त दिसतो आणि अनेकदा असतोही. पण त्याचा खरा खर्च यंत्राच्या कोटेशनमध्ये दिसत नाही, तो परवान्यांत दडलेला असतो.

रामटेकसारख्या ठिकाणी हा प्रश्न का महत्त्वाचा?

नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरचे रामटेक गडमंदिरासाठी आणि कालिदासासाठी ओळखले जाते, पण ते शिक्षणाचेही गाव आहे. कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे अभियांत्रिकी महाविद्यालय येथे १९८५ पासून आहे. कविकुलगुरु कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाची स्थापना १९९७ ची. शिवाय शाळा, कनिष्ठ महाविद्यालये, एमएस-सीआयटीची केंद्रे आणि संगणक टंकलेखनाचे वर्ग आहेतच. घरी संगणक नसलेल्या आसपासच्या खेड्यांतील विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतला तासभर हाच काय तो सराव मिळतो. तो तास परवान्याच्या कटकटीत बुडाला, तर त्याची भरपाई करणारी दुसरी सोय तालुक्याच्या गावी सहसा नसते. मोठ्या शहरातल्या महाविद्यालयाकडे स्वतंत्र आयटी विभाग असतो. इथे बहुतेकदा एक प्रयोगशाळा सहायक आणि फोनवर भेटणारा विक्रेता, एवढाच आधार असतो.

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे नेमके काय?

सारे काम सर्व्हरवर चालते. विद्यार्थ्यासमोरच्या पडद्यावर फक्त त्याचे चित्र येते आणि कीबोर्ड-माऊसच्या हालचाली सर्व्हरकडे जातात. त्यामुळे समोरचे यंत्र जुने चालते. अगदी १० ते २० वॅट वीज खाणारा छोटा ‘थिन क्लायंट’ही पुरतो.

हे दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात एकाच विंडोज सर्व्हरवर अनेक जण एकाच वेळी लॉगिन करतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र सत्र मिळते. यासाठी मायक्रोसॉफ्टची ‘रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस’ म्हणजे आरडीएस वापरतात. दुसऱ्या प्रकारात सर्व्हरवर आधी हायपरव्हायजर नावाचे सॉफ्टवेअर बसवतात. ते एका यंत्राचे अनेक आभासी संगणक करते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ‘विंडोज ११’ किंवा लिनक्सचा स्वतंत्र आभासी संगणक मिळतो. एक वाडा आणि त्यातल्या सामाईक खोल्या, किंवा त्याच जागेवर स्वतंत्र फ्लॅट, असा हा फरक. पहिल्या प्रकाराला मेमरी कमी लागते. दुसऱ्यात मोकळीक जास्त, पण यंत्र मोठे लागते. महत्त्वाचे म्हणजे दोन्हींचे परवाने पूर्णपणे वेगळे आहेत.

पहिल्या प्रकारात कोणते परवाने लागतात?

हिशेबासाठी ४० जागांची एक नमुना प्रयोगशाळा घेऊ. तीन तुकड्यांचे मिळून १२० विद्यार्थी ती वापरतात.

यात तीन थर येतात. पहिला विंडोज सर्व्हरचा. २०१६ च्या आवृत्तीपासून हा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो. यंत्रातले सगळे कोअर मोजायचे आणि कोअर कमी असले तरी एका सर्व्हरमागे किमान १६ कोअरचा परवाना घ्यायचा. म्हणजे विक्रेत्याने ‘त्याच किमतीत १६ ऐवजी ३२ कोअर देतो’ म्हटले, तर परवान्याचा खर्च दुप्पट होतो. गरजेपेक्षा मोठे यंत्र ही इथे बचत नसते.

दुसरा थर कॅलचा, म्हणजे ‘क्लायंट अ‍ॅक्सेस लायसन्स’चा. सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे एक कॅल लागते. तिसरा थर आरडीएस कॅलचा. तीही तेवढ्याच संख्येने आणि वरच्या कॅलच्या जोडीला वेगळी घ्यावी लागते.

माणसामागे घ्यायची की यंत्रामागे, हा निर्णय सर्वात जास्त पैसे वाचवतो किंवा घालवतो. आपल्या नमुन्यात यंत्रामागे घेतली तर ४० पुरतात, माणसामागे घेतली तर १२० लागतात. उलट, विद्यार्थ्यांनी वसतिगृहातून आणि घरून स्वतःच्या लॅपटॉपवरूनही जोडावे अशी सोय करायची असेल, तर त्या प्रत्येक यंत्राची मोजणी सुरू होते. मग माणसामागची कॅल परवडते. सोय कशासाठी करायची आहे हे आधी ठरले नाही, तर चुकीची कॅल घेतली जाते.

आवृत्तीही पाहावी लागते. २०२२ ची आरडीएस कॅल २०१९ च्या सर्व्हरवर चालते, पण २०१९ ची कॅल २०२२ च्या सर्व्हरवर चालत नाही. जुन्या साठ्यातली स्वस्त कॅल घेताना ही अट हमखास नजरेआड होते.

दुसऱ्या प्रकारात काय बदलते?

इथला सर्वात रूढ गैरसमज असा की, विंडोज सर्व्हरची ‘डेटासेंटर’ ही महागडी आवृत्ती घेतली की हवे तेवढे आभासी डेस्कटॉप मोकळे होतात. ती मुभा विंडोज सर्व्हरच्याच आभासी यंत्रांना आहे. ‘विंडोज ११’चे डेस्कटॉप त्यात येत नाहीत.

संगणकासोबत आलेली विंडोज त्या संगणकाशी बांधलेली असते. ती उचलून सर्व्हरवर ठेवता येत नाही. आभासी ‘विंडोज ११’ वापरण्यासाठी विंडोज एंटरप्राइझचा वर्गणीचा परवाना किंवा ‘व्हीडीए’ नावाचा स्वतंत्र हक्क लागतो. तोही माणसामागे किंवा यंत्रामागे आणि मुदत संपली की पुन्हा. शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ए३ आणि ए५ योजनांत हा हक्क मिळतो, मोफत मिळणाऱ्या ए१ योजनेत मिळत नाही. डेस्कटॉपचे वाटप मायक्रोसॉफ्टच्याच आरडीएस यंत्रणेतून केले, तर आरडीएस कॅलही लागतेच. एकाच ‘विंडोज ११’वर अनेकांनी एकाच वेळी बसण्याची खास आवृत्ती आहे, पण ती मायक्रोसॉफ्टच्या अझूर यंत्रणेपुरती. संस्थेच्या साध्या सर्व्हरवर ती वापरता येत नाही.

त्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचे परवाने वेगळेच. ऑफिस, अभियांत्रिकी रेखाटनाची सॉफ्टवेअर, हिशेबाची सॉफ्टवेअर या प्रत्येकाच्या करारात सामाईक सर्व्हरवर वापरण्याची मुभा आहे का, हे वाचावे लागते. काही सॉफ्टवेअर सर्व्हरच्या विंडोजवर बसतच नाहीत. मराठीपुरती आणखी एक अडचण आहे. जुन्या टंकलेखन सॉफ्टवेअरपैकी काही यूएसबीला डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत. एक डोंगल सर्व्हरला लावले म्हणून चाळीस जणांना तो हक्क मिळत नाही. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्डवर काम करणाऱ्या संस्थांना ही अडचण येत नाही. जिथे अजून जुने फाँट चालतात, तिथे आधी युनिकोडकडे वळणे हाच स्वस्त मार्ग आहे.

मग अनेक ठिकाणी परवान्याविना कसे चालते?

कारण सुरुवातीला कुणी अडवत नाही. आरडीएस बसवल्यावर परवाने न भरताही १२० दिवस यंत्रणा चालते. जुलैत प्रयोगशाळेचे उद्घाटन होते, बिल मंजूर होते, सगळे सुरळीत दिसते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन हिवाळी परीक्षेच्या तोंडावर मुदत संपते आणि नवी जोडणी नाकारली जाते. परवान्याविना विंडोज सर्व्हरवर फक्त दोन दूरस्थ सत्रे चालतात, तीही देखभालीच्या कामासाठी.

तेव्हा कुणीतरी ‘युक्ती’ सांगतो. रजिस्ट्रीत फेरफार करून १२० दिवस पुन्हा सुरू करायचे, किंवा साध्या विंडोजच्या फायलीला ठिगळ लावून एका वेळी अनेकांना बसवायचे. दोन्ही गोष्टी परवान्याच्या अटी मोडतात. पुढच्या अपडेटला असे ठिगळ निकामी होण्याची शक्यता असते, म्हणून मग अपडेटच बंद केले जातात आणि सर्व्हर असुरक्षित राहतो.

कायद्याची बाजूही किरकोळ नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणक-प्रणाली वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. पण ही सवलत न्यायालयाच्या विवेकाधीन आहे. सही करणारे प्राचार्य किंवा संस्थाचालक असतात, युक्ती सांगणारा विक्रेता नव्हे.

होस्ट सर्व्हर उभारताना काय पाहावे?

लिखाण, ब्राउझर, साधे प्रोग्रॅमिंग एवढेच काम असेल, तर ढोबळ हिशेब असा. पहिल्या प्रकारात प्रत्येकी २ जीबी धरून ४० जणांना ८० जीबी आणि सर्व्हरची स्वतःची गरज, म्हणजे १२८ जीबी मेमरी पुरते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येकी ४ जीबी, म्हणजे १६० जीबी आणि वर मोकळी जागा, तेव्हा १९२ ते २५६ जीबी लागते. प्रत्येक आभासी संगणकाला दोन आभासी प्रोसेसर दिले तर ८० होतात. एका खऱ्या कोअरवर चार-पाच आभासी प्रोसेसर चालतात असे धरले, तर १६ ते २० कोअर पुरतात. त्रिमितीय रेखाटन शिकवायचे असेल तर हा हिशेब लागू होत नाही. त्याला ग्राफिक्स कार्ड लागते आणि एन्व्हिडियाचे कार्ड अनेकांत वाटायचे तर त्या वाटपाचाही स्वतंत्र परवाना असतो.

डिस्क एसएसडीच हवी. दहाच्या ठोक्याला चाळीस जण एकदम लॉगिन करतात, तेव्हा साध्या हार्ड डिस्कची दमछाक होते. प्रत्येक आभासी संगणकाला ६० जीबी दिले तर २,४०० जीबी लागतील. एकच मूळ प्रत तयार करून बाकीच्या तिच्यावर आधारल्या, तर यातली बरीच जागा वाचते. विद्यार्थ्यांच्या फायली या प्रतीबाहेर वेगळ्या ठेवाव्यात, म्हणजे मूळ प्रत बदलली तरी त्यांचे काम जात नाही. बॅकअप वेगळ्या यंत्रावर हवा. एकाच सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने चालणे म्हणजे बॅकअप नव्हे.

सर्व्हर संस्थेच्या आवारात असेल, तर इंटरनेट गेले तरी प्रयोगशाळा चालू राहते. तालुक्याच्या गावी क्लाउडपेक्षा स्वतःच्या सर्व्हरची बाजू इथे भक्कम ठरते. पण एकच सर्व्हर बंद पडला तर चाळीसही पडदे एकदम काळे होतात. म्हणून वीज गेल्यावर सर्व्हर रीतसर बंद होईल एवढा यूपीएस आणि सुटे भाग मिळण्याचा लेखी करार आवश्यक आहे. चार-पाच स्वतंत्र संगणकही राखीव ठेवावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात सर्व्हरच्या खोलीला सुटीतही एसी लागेल, हे वीजबिलात आधीच धरावे.

सुरक्षेचा एक नियम न मोडता पाळावा. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. मे २०१९ मध्ये उघड झालेली ‘ब्लूकीप’ ही त्रुटी याच सेवेतली होती आणि खंडणीखोर व्हायरस आत शिरण्याची ही नेहमीची वाट आहे. बाहेरून जोडायचे तर व्हीपीएनमधूनच. प्रत्येकाला स्वतंत्र युजरनेम असावे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्था आणि कंपन्यांना लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. ‘लॅब१’ नावाने चाळीस जण बसत असतील, तर असे लॉग असून उपयोग नाही.

मोफत सॉफ्टवेअरचा मार्ग किती खरा?

मार्ग खरा आहे, पण सर्व कामांना पुरणारा नाही. केव्हीएम हे आभासी यंत्रांचे तंत्र २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्यावर बेतलेले प्रॉक्समॉक्स मोफत वापरता येते, पैसे फक्त मदतसेवेचे. आतला डेस्कटॉपही लिनक्सचा असेल तर वरच्या सगळ्या थरांतून सुटका होते. आत विंडोज चालवायची असेल, तर विंडोजचा परवाना लागतोच.

प्रशिक्षणाची सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, लिबरऑफिस आणि प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीतही आहेत. सी-डॅकची ‘बॉस’ लिनक्स भारतीय भाषांचा विचार करूनच घडवलेली आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले. केरळच्या सरकारी शाळा तर वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत.

परवान्याच्या मालकाने अटी बदलल्या तर काय होते, याचे दाखले दूर शोधावे लागत नाहीत. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणी आणली. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेचा शैक्षणिक दर्जा मायक्रोसॉफ्टने काढल्यावर तिचा परवाना-खर्च दहापटीहून अधिक होणार होता. तिने २०१८ मध्ये पर्याय शोधण्याचा प्रकल्पच हाती घेतला. ‘सर्न’कडे तज्ज्ञांची फौज होती. तालुक्यातील महाविद्यालयाकडे ती नसते, म्हणून त्याने अटी बदलण्याची शक्यता आधीच हिशेबात धरायला हवी.

निर्णय कसा घ्यावा?

सर्वप्रथम घाई टाळावी. शैक्षणिक संस्थांसाठी ‘विंडोज १०’ची वाढीव सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने एका संगणकामागे पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी दोन आणि तिसऱ्या वर्षी चार डॉलर अशा दराने ठेवली आहे. म्हणजे पात्र संस्थेला सात डॉलरमध्ये तीन वर्षांचा अवधी मिळतो. या अवधीत एका तुकडीपुरती चाचणी घेता येते.

नंतर कोटेशन मागवताना यंत्र आणि परवाने यांचे तक्ते वेगळे मागवावेत. परवान्याच्या तक्त्यात नाव, आवृत्ती, संख्या, माणसामागे की यंत्रामागे, कायम की वार्षिक, हे रकाने असावेत आणि एकूण खर्च पाच वर्षांचा असावा. परवाने संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेल खात्यावर नोंदवलेले असावेत. विक्रेत्याच्या खात्यावर असतील तर तो बदलताच हक्काचा पुरावाही जातो. शेवटचा हप्ता दोन गोष्टी झाल्यावरच द्यावा. चाळीस जणांनी एकदम लॉगिन करून दाखवणे ही एक आणि परवाना-सर्व्हरवर भरलेल्या कॅलची संख्या पडद्यावर दाखवणे ही दुसरी.

सरकारची जबाबदारीही यात आहे. समग्र शिक्षा योजनेत आयसीटी प्रयोगशाळेसाठी एका शाळेला एकदाच ६.४० लाख रुपये आणि पुढे पाच वर्षे दरसाल २.४० लाख रुपये, अशी तरतूद आहे. एकदाच मिळणाऱ्या पैशातून यंत्र येते, वर्गणीचा परवाना मात्र सहाव्या वर्षीही पैसे मागतो. तेव्हा कुलूप कुणी लावायचे, मुख्याध्यापकांनी की परवान्याने? राज्याने शैक्षणिक परवान्यांचा सामाईक दरकरार केला, तर ४० कॅल घेणाऱ्या संस्थेला मोठ्या खरेदीदाराचा भाव मिळेल. विद्यापीठे आणि परीक्षा मंडळांनी अभ्यासक्रमात ‘अमुक कंपनीचे सॉफ्टवेअर’ऐवजी ‘शब्दसंस्करण’, ‘तक्तापत्रक’, ‘रेखाटन’ असे कौशल्याचे नाव लिहिले, तर मोफत पर्याय वापरणाऱ्या संस्थेचा विद्यार्थी परीक्षेत मागे राहणार नाही.

व्हर्च्युअल डेस्कटॉप हे तालुक्याच्या गावासाठी उपयुक्त तंत्र आहे. जुनी यंत्रे कामी येतात, देखभाल एका जागी होते, वीज वाचते. पण ते विकत घेताना आधी वापर ठरवावा, मग परवाना, मग सर्व्हर. आज बहुतेक खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते आणि तिची किंमत शेवटी परीक्षेच्या दिवशी काळ्या पडद्यासमोर बसलेला विद्यार्थी मोजतो.